मका आणि सोयाबीन एकाच रानात: वाढीव उत्पादन नेमके कुठून येते

खरिपात बेळगावहून हुक्केरी, चिक्कोडी किंवा निपाणीच्या बाजूला निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका आणि सोयाबीन ही पिके आलटूनपालटून दिसत राहतात. बांधाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे. हीच दोन पिके एका रानात, ठरावीक ओळींच्या पट्ट्यांत घेतली, तर तेवढ्याच जमिनीतून एकूण उत्पादन जास्त निघू शकते, हे देशोदेशींच्या प्रयोगांत अनेकदा दिसून आले आहे. चीनमधील सिचुआन कृषी विद्यापीठाने मक्याच्या दोन आणि सोयाबीनच्या चार ओळींची पट्टा पद्धत बसवली, आणि सोयाबीनच्या आयातीवरचे अवलंबन कमी करण्याच्या हेतूने तिथल्या सरकारने २०२२ पासून तिचा मोठ्या प्रमाणावर प्रसार सुरू केला.

आपल्याकडे मात्र ही पद्धत पुढे येते तेव्हा तिच्यासोबत एक कारणही सांगितले जाते: सोयाबीन हवेतला नत्र (नायट्रोजन) जमिनीत आणून सोडते, तो मक्याला मिळतो, म्हणून मका जोरात येतो आणि युरिया वाचतो. या कारणात थोडे तथ्य आहे, पण त्यावर सगळी मदार ठेवली की लागवडीचे पुढचे सगळे निर्णय चुकत जातात. शेतकरी मक्याचा युरिया कमी करतो, ओळी नेहमीच्याच अंतरावर ठेवतो, मका पिवळा पडतो, सोयाबीन सावलीत लोळते, आणि ही पद्धत पुस्तकातच बरी अशी गावात चर्चा होते. माझ्या मते या पद्धतीचा खरा फायदा ऊन, वेळ आणि झाडांची संख्या या तीन गोष्टींत आहे आणि नत्राचा क्रमांक त्यांच्यानंतरचा आहे. म्हणून आधी नत्राचाच हिशेब मांडलेला बरा.

नत्र कुठे जातो

सोयाबीनच्या मुळांवर ज्या गाठी दिसतात त्यांत ब्रॅडीरायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेत नत्र भरपूर असला तरी झाडाला तो थेट वापरता येत नाही. हे जिवाणू तो झाडाला वापरता येईल अशा रूपात बदलून देतात आणि त्या बदल्यात झाडाने पानांत तयार केलेली साखर घेतात. म्हणजे हा नत्र झाडाला फुकट मिळत नाही. झाडाला ऊन कमी पडले, तर साखर कमी तयार होते आणि गाठींचे कामही मंदावते. मक्याच्या दाट सावलीत वाढणारे सोयाबीन जमिनीत भरपूर नत्र बांधेल ही अपेक्षा इथेच डळमळीत होते.

आता बांधलेला नत्र जातो कुठे ते पाहू. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजे एका क्विंटल दाण्यात सुमारे ६.४ किलो नत्र असतो. एकरी ८ क्विंटल सोयाबीन निघाले, तर केवळ दाण्यांवाटे ५१ किलो नत्र रानाबाहेर जातो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असतो हे लक्षात घेतले, तर हा नत्र जवळजवळ अडीच पोत्यांइतका भरतो. हवेतून आणलेल्या नत्राचा मोठा भाग असा पोत्यात भरून अडतीवर जातो. त्याच हंगामात शेजारच्या मक्याच्या मुळापर्यंत पोचणारा वाटा लहान असतो, कारण गाठी आणि मुळे कुजून नत्र मोकळा होण्याची क्रिया मुख्यतः सोयाबीन पक्व झाल्यानंतर होते, आणि तोपर्यंत मक्याची नत्राची भूक भागून गेलेली असते. जमिनीत राहिलेली मुळे आणि गळलेला पाला यांचा काही लाभ मागून येणाऱ्या शाळूला किंवा गव्हाला होतो.

तरीही मक्याला एक फायदा मिळतोच, पण तो वेगळ्या वाटेने. शेजारी दुसरा मका असता, तर तो जमिनीतल्या त्याच नत्रासाठी भांडला असता. सोयाबीन आपल्या गरजेचा बराचसा भाग हवेतून भागवते, त्यामुळे जमिनीतला आणि खतातून दिलेला नत्र मक्याच्या वाट्याला अधिक येतो. शिवाय दोघांची भूक एकाच वेळी लागत नाही: मक्याला नत्राची सर्वांत जास्त गरज गुडघाभर वाढीपासून तुरा येईपर्यंत, म्हणजे साधारण ३० ते ६० दिवसांच्या काळात असते, तर सोयाबीनची मोठी गरज शेंगांत दाणे भरताना, त्यानंतर येते.

यावरून खताचा नियम सरळ निघतो. युरिया मक्याच्या ओळीतच द्यावा, मातीआड करावा आणि सोयाबीनच्या पट्ट्यात फेकू नये. जमिनीत नत्र सहज मिळू लागला की सोयाबीन गाठी कमी धरते आणि नुसता पाला वाढवते.

गाठी काम करतात की नाही हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी, रान वाफशावर, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडेही नाही असे असताना, झाडाच्या भोवतीची माती खुरप्याने हलकी करून झाड मुळासकट उचलावे. हिसका देऊन उपटले तर गाठी मातीतच राहतात. मुळे बादलीतल्या पाण्यात हलकेच विसळावीत आणि चार-पाच गाठी नखाने चिरून पाहाव्यात. आतला रंग गुलाबी किंवा तांबूस असेल, तर नत्र बांधण्याचे काम चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिन या द्रव्याचा असतो. आत पांढरट असेल तर काम अजून सुरू झालेले नाही किंवा होणारच नाही, आणि हिरवट असेल तर ते संपत आले आहे. ज्या रानात पूर्वी सोयाबीन कधी झालेलेच नाही, उदाहरणार्थ निपाणी भागात वर्षानुवर्षे तंबाखू घेतलेले रान, तिथे बियाण्याला सोयाबीनचेच जिवाणू खत चोळणे फार महत्त्वाचे ठरते. बुरशीनाशक आधी लावावे, ते सुकू द्यावे, जिवाणू खत अगदी शेवटी चोळावे, बी सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे.

उन्हाची वाटणी

मका आणि सोयाबीन ऊन वापरतात ते दोन निरनिराळ्या रीतींनी. मक्याच्या पानाला जितके कडक ऊन मिळेल तितके ते अन्न तयार करत राहते. सोयाबीनच्या एकेका पानाचे तसे नसते; पूर्ण उन्हाच्या साधारण निम्म्या तीव्रतेच्या आसपास त्याचा वेग वाढायचा थांबतो. त्यामुळे उंच मका वरचे कडक ऊन घेतो आणि त्यातून गाळून आलेले ऊन ठेंगणे सोयाबीन वापरते, ही वाटणी कागदावर चांगली जुळते. मात्र हे गणित एका पानापुरते खरे आहे. सोयाबीनच्या झाडाची खालची पाने आधीच स्वतःच्या वरच्या पानांच्या सावलीत असतात, आणि त्यावर मक्याची सावली पडली की ती जवळजवळ उपाशी राहतात.

सावलीचा दुसरा परिणाम कमी लोकांच्या लक्षात येतो. मक्याच्या पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात तांबडा भाग पानांनी शोषून घेतलेला असतो आणि डोळ्यांना न दिसणारा, त्याच्या पलीकडचा भाग जास्त उरतो. सोयाबीनला हा बदल ओळखता येतो, आणि शेजारी कोणीतरी उंच उभे आहे असे जाणवून ते उंच व्हायला लागते. पेरे लांबतात, खोड बारीक होते, फांद्या कमी फुटतात आणि ऑगस्टमधल्या वाऱ्यापावसात झाड आडवे होते. आंतरपिकातले सोयाबीन लोळले की दोष बहुधा बियाण्याला किंवा पावसाला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण ओळींतल्या अंतराचे असते.

वेळेचा मेळ यातच येतो. पहिले ३० दिवस मका लहान असतो आणि सोयाबीनला त्याचा अडथळा होत नाही. सोयाबीन ३५ ते ४० दिवसांच्या सुमारास फुलावर येते, त्यानंतर मका झपाट्याने उंच होतो, आणि ६० दिवसांच्या पुढे, नेमक्या शेंगा भरण्याच्या काळात, सावली सर्वांत दाट असते. सोयाबीन ९५ ते १०० दिवसांत निघते, मका साधारण ११० दिवसांत. म्हणजे नाजूक काळ ठरलेला आहे, तो ६० ते ८५ दिवसांचा, आणि संपूर्ण आखणी या पंचवीस दिवसांत सोयाबीनवर उजेड कसा पडेल याभोवती करायची असते.

यासाठीच एकास एक ओळ ठेवण्यापेक्षा पट्टे बरे पडतात. मक्याच्या दोनच ओळी एकत्र ठेवल्या, तर त्यातली प्रत्येक ओळ कडेची ओळ होते. बांधालगतच्या मक्याची कणसे मधल्या मक्यापेक्षा भरदार असतात हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. तिथे एका बाजूने ऊन आणि हवा मोकळी मिळते. दोन ओळींच्या पट्ट्यात हा कडेचा फायदा सगळ्याच मक्याला मिळतो, आणि चार ओळींच्या सोयाबीनमध्ये मधल्या दोन ओळी तरी सावलीपासून दूर राहतात. माझ्या समजुतीप्रमाणे वाढीव उत्पादनाचा सर्वांत मोठा भाग इथून येतो.

या भागात एक मार्ग विशेष विचार करण्याजोगा आहे. बेळगाव शहर आणि गोव्याची बाजारपेठ जवळ असल्याने ओल्या कणसांना गिऱ्हाईक मिळते. मक्याची कणसे ७५ ते ८० दिवसांत हिरवीच तोडली आणि ताटे लगेच वैरणीसाठी कापून घेतली, तर शेंगा भरण्याच्या उत्तरार्धात सोयाबीनला पूर्ण ऊन मिळते, आणि दुभत्या जनावरांना ओला चाराही मिळतो. दुभती जनावरे असलेल्या घरासाठी हा हिशेब वाळलेल्या मक्यापेक्षा सरस ठरू शकतो.

झाडांची संख्या: जिथे बहुतेकांचे चुकते

हा भाग थोडा आकडेमोडीचा आहे, पण तो टाळून चालणार नाही. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. नुसता मका ६० सेंटिमीटर ओळीवर आणि २० सेंटिमीटर रोपांवर टोकणला, तर एकरात सुमारे ३३,७०० झाडे बसतात. आता पट्टा पद्धत घेऊ: मक्याच्या दोन ओळींत ४० सेंटिमीटर, सोयाबीनच्या चार ओळींत प्रत्येकी ३० सेंटिमीटर, आणि मका व सोयाबीन यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर मोकळे. एक पूर्ण पट्टा ४० अधिक ९० अधिक १२० म्हणजे अडीच मीटरचा झाला. एकरात असे पट्टे मिळून सुमारे १,६१९ मीटर लांबी होते आणि त्यात मक्याच्या ओळींची लांबी भरते ३,२३८ मीटर.

या ओळींत सवयीप्रमाणे २० सेंटिमीटरवरच मका टोकणला, तर झाडे बसतात जेमतेम १६,२००. नुसत्या मक्याच्या निम्म्याहूनही कमी. मग कडेच्या ओळींची कणसे कितीही मोठी झाली, तरी निम्मी झाडे पूर्ण उत्पादन देऊ शकत नाहीत. हेच अंतर १२ सेंटिमीटर ठेवले तर झाडे २७,००० च्या आसपास, म्हणजे नुसत्या मक्याच्या ८० टक्के होतात. ओळींत झाडे दाट आणि ओळींच्या बाजूला जागा मोकळी, हे या पद्धतीचे मर्म आहे. त्यासाठी वाण मात्र उभट पानांचा, मध्यम उंचीचा आणि न लोळणारा हवा. पसरट पानांचा उंच मका इथे चालत नाही.

खतही झाडांच्या संख्येवर ठरते. महाराष्ट्राच्या शिफारशीत मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र आहे, म्हणजे एकरी ४८ किलो. झाडे ८० टक्के असतील तर नत्र साधारण ३८ किलो, जवळजवळ दोन पोती युरियाइतका लागतो. तो पेरणीवेळी, मका गुडघाभर झाल्यावर आणि तुरा येण्याच्या आधी असा विभागून द्यावा. शेजारी सोयाबीन आहे म्हणून यात कपात करू नये.

सोयाबीनच्या बाबतीत सीमाभागातल्या शेतकऱ्यासमोर दोन विद्यापीठांच्या शिफारशी येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या मराठी पत्रकांत ४५ बाय ५ सेंटिमीटर अंतर असते, तर धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाकडून ३० बाय १० सांगितले जाते. पहिल्यात एकरी सुमारे १ लाख ८० हजार झाडे येतात, दुसऱ्यात १ लाख ३५ हजार. एकीकडचे ओळींतले अंतर आणि दुसरीकडचे रोपांतले अंतर उचलून भलताच मेळ घालू नये, एवढी काळजी पुरे. वर सांगितलेल्या चार ओळींच्या पट्ट्यात रोपांचे अंतर साडेसात सेंटिमीटर धरले, तर एकरी ८६,००० च्या आसपास झाडे बसतात. सावलीत दाटी वाढवून फायदा होत नाही, लोळणे मात्र वाढते, म्हणून मी याहून दाट पेरणीच्या बाजूने नाही.

आखणीसाठी एका सुतळीला ठरलेल्या अंतरांवर गाठी मारून घेतल्या, की रानाच्या दोन्ही टोकांना खुणा करता येतात. सोयाबीनच्या ओळी चार फणांच्या कुरीने ओढाव्यात आणि मका मागाहून, पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, टोकणून घ्यावा. उतार असेल तर ओळी उताराला आडव्याच असाव्यात. उन्हाची दिशा साधण्यासाठी माती वाहू देणे परवडणारे नाही.

कुठे करावे, कुठे करू नये

बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस इतका बदलतो की एकच सल्ला सगळ्या तालुक्यांना लागू पडत नाही. खानापूरच्या घाटालगतच्या भागात पाऊस प्रचंड, रान चिबडते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ढग हटत नाहीत. उजेड आधीच कमी असताना त्यात मक्याची सावली घालणे सोयाबीनला झेपणारे नाही, आणि पाणी साचले की मक्याची मुळे गुदमरतात. तिथे रोहिणीत धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेला भात हेच खरिपाचे पीक आहे आणि ते तसेच असावे. निचऱ्याच्या माळावर थोडे करून पाहता येईल, इतकेच.

याउलट अथणीकडच्या कमी पावसाच्या टापूत ऊन मुबलक, पण पाण्याचा भरवसा नाही. तुरा आणि कणसाचे रेशीम येताना मक्याला, आणि शेंगा भरताना सोयाबीनला, पाण्याचा ताण सोसत नाही. दोन्ही पिके एकाच ओलीवर जगत असताना ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाऊस ओढला, तर दोघांचेही नुकसान होते. हाताशी विहिरीचे किंवा कालव्याचे एखादे संरक्षित पाणी नसेल, तर तिथे तुरीसारखे सावकाश वाढणारे, खोल मुळांचे पीक मक्यासोबत अधिक शहाणपणाचे आहे.

मधला पट्टा, म्हणजे बेळगाव तालुक्याचा पूर्व भाग, हुक्केरी, बैलहोंगल आणि निपाणी-चिक्कोडीचा निचऱ्याचा भाग, या पद्धतीला सर्वांत अनुकूल आहे. मात्र इथेही पेरणीची घाई नको. मृगाच्या पहिल्या सरीवर कुरी धरण्यापेक्षा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्यावर पेरलेले बी खात्रीने उगवते, आणि या पद्धतीत एका पिकाची उगवण विरळ झाली की सगळी मांडणीच बिघडते.

तण, कीड आणि तांबेरा

तणनाशकाची चूक एका दिवसात सगळे संपवते, म्हणून हा मुद्दा ठळकपणे सांगतो. मक्यात सर्रास वापरले जाणारे ॲट्राझिन सोयाबीनला मारते. टू फोर-डी आणि टेम्बोट्रायोनही मारतात. सोयाबीनमधले इमॅझेथापायर मक्याला इजा करते, आणि सोयाबीनमधले गवत मारण्यासाठीचे क्विझालोफॉप मक्यालाही सोडत नाही, कारण मका हेही गवतवर्गीय पीकच आहे. पेरणीनंतर, उगवणीपूर्वी, जमिनीत ओल असताना मारायचे पेंडिमिथॅलिन दोन्ही पिकांना साधारणपणे चालते. मात्र डब्यावरचे प्रमाण वाचून आणि रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच ते घ्यावे. उगवणीनंतर मात्र कोळपणी आणि भांगलण यांना पर्याय नाही. आज भांगलणीला बायका मिळणे किती अवघड झाले आहे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ज्याच्याकडे ती सोय नाही त्याने ही पद्धत मोठ्या क्षेत्रावर घेऊ नये असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकातच आढळली. तिच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके असतात. ती पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, लपून खाते, म्हणून फवारणीचा झोत पोंग्यातच पडला पाहिजे. मक्यासोबत कडधान्य किंवा शेंगवर्गीय पीक असावे, असे या अळीच्या नियंत्रणाच्या सल्ल्यात सांगितलेले असते, पण तेवढ्याने अळी आटोक्यात येते असे समजून पोंगे तपासणे थांबवू नये. सोयाबीनची पाने खाणारी तंबाखूवरची अळी ही वेगळी जात आहे. दोन्ही पट्टे वेगवेगळे तपासावे लागतात.

तांबेरा हा सोयाबीनच्या पानांवरचा बुरशीचा रोग कृष्णा खोऱ्याचे, म्हणजे सांगली, कोल्हापूर आणि बेळगावचे, जुने दुखणे आहे. पानावर ओल जितकी जास्त वेळ टिकते तितका तो फोफावतो, आणि मक्याच्या आडोशाला पाने उशिरा वाळतात. हा या पद्धतीचा खरा तोटा आहे. म्हणून इथे जेएस ३३५ सारखा तांबेऱ्याला बळी पडणारा वाण न घेता धारवाडचा डीएसबी २१ किंवा कसबे डिग्रजचा केडीएस ७२६, म्हणजे फुले संगम, असा तग धरणारा वाण घ्यावा, आणि मोकळे सोडलेले ६० सेंटिमीटर कमी करून त्यात आणखी एक ओळ घुसवण्याचा मोह टाळावा.

फायदा मोजायचा कसा

आंतरपिकात मका नुसत्या मक्यापेक्षा कमी निघतो आणि सोयाबीनही नुसत्या सोयाबीनपेक्षा कमी निघते. यात अपयश काही नाही. मोजायचे असते ते दोघांचे मिळून. त्यासाठी शास्त्रज्ञ जमीन समतुल्य गुणोत्तर वापरतात. समजा, नुसता मका एकरी २५ क्विंटल आणि नुसते सोयाबीन ८ क्विंटल येते, आणि पट्टा पद्धतीत एका एकरातून मका १९ व सोयाबीन ४ क्विंटल निघाले. मक्याचे १९ भागिले २५ म्हणजे ०.७६, सोयाबीनचे ४ भागिले ८ म्हणजे ०.५०, बेरीज १.२६. याचा अर्थ, एवढेच धान्य वेगवेगळ्या रानांत घ्यायचे, तर एक एकर दहा गुंठे जमीन लागली असती. जमीन वाढत नसताना दहा गुंठ्यांचे हे उत्पादन मोलाचे आहे.

पण हे गुणोत्तर पैशाबद्दल काहीच सांगत नाही. २०२५-२६ च्या खरिपाचा हमीभाव मक्याला क्विंटलला २,४०० रुपये आणि सोयाबीनला ५,३२८ रुपये होता. या भावाने वरच्या उदाहरणातला नुसता मका ६०,००० रुपयांचा, नुसते सोयाबीन ४२,६२४ रुपयांचे, आणि आंतरपीक ६६,९१२ रुपयांचे होते. आता २० सेंटिमीटरवर टोकणलेल्या, निम्म्या झाडांच्या मक्याचे उदाहरण घेऊ: मका १३ क्विंटल, सोयाबीन साडेचार क्विंटल. गुणोत्तर १.०८ येते, म्हणजे कागदावर पद्धत यशस्वी. रक्कम मात्र ५५,१७६ रुपये, नुसत्या मक्यापेक्षा जवळपास पाच हजारांनी कमी. चांगल्या जमलेल्या आंतरपिकातही जास्तीचे सात हजार दिसतात, त्यातून टोकणीची, भांगलणीची आणि कापणीची वाढीव मजुरी वजा करायची असते. सोयाबीन आधी पक्व होते आणि मका उभा असतो, त्यामुळे कापणी विळ्यानेच करावी लागते, तिथे मोठे यंत्र शिरत नाही. आणि कापणी लांबली की शेंगा तडकतात. बाजारात हमीभाव पदरात पडेलच असे नाही, पण दोन्ही भाव एकाच वेळी कोसळण्याची शक्यता एका पिकापेक्षा कमी असते, आणि पावसाने दगा दिला तरी एक पीक हाती लागण्याची आशा राहते. माझ्या दृष्टीने अल्पभूधारकासाठी हा आधार त्या सात हजारांपेक्षा मोठा आहे.

पेरणीनंतर पीक समीक्षेत, म्हणजे रानात कोणते पीक आहे याच्या सरकारी पाहणीत, दोन्ही पिकांची नोंद होईल हे पाहावे. आरटीसी उताऱ्यावर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबारावर, एकच पीक लागले, तर पीक विम्याच्या वेळी आणि हमीभाव केंद्रावर दुसऱ्या पिकासाठी अडचण येते. समीक्षेचे अ‍ॅप कन्नडमध्ये असल्याने घरातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलाला सोबत घेऊन ती नोंद वाचून घ्यावी.

सुरुवातीला सगळे रान या पद्धतीखाली आणण्याचे कारण नाही. एक एकरातले वीस गुंठे आंतरपीक, दहा गुंठे नुसता मका आणि दहा गुंठे नुसते सोयाबीन, एकाच दिवशी, एकाच बियाण्याचे पेरावे. मळणी वेगवेगळी करावी, पोती वेगवेगळी वजन करावीत, नुसत्या पिकांचे वजन दुप्पट करून आंतरपिकाशी ताडून पाहावे, आणि मजुरीची वही तिन्ही तुकड्यांसाठी निराळी ठेवावी. आपल्या जमिनीतले गुणोत्तर आणि आपल्या मजुरीनंतर उरणारी रक्कम त्या तीन तुकड्यांतूनच कळते, आणि पुढच्या खरिपात किती गुंठे वाढवायचे ते त्या आकड्यांवर ठरवता येते.